दोन धारांच्या मधली वेळ : धबधब्यांच्या गावी सहली नेणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
धबधबे आणि गोठे असलेल्या छोट्या गावांत सहली नेणारे सर्व आयोजक, वाटाडे आणि गाडीचालक यांस

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातल्याच कुणाच्या तरी सहलीत मी होते. धबधबा पाहून झाला होता, सगळ्यांना परतीची घाई होती. गावातून बाहेर पडायला एकच अरुंद रस्ता, आणि त्यावर आमची बस आणि समोरून आलेली दुधाची गाडी तोंडाला तोंड लावून उभ्या राहिल्या. आमच्या मागे आणखी दोन बसगाड्या होत्या, त्यामुळे कुणालाच मागे सरकता येईना. पाऊण तास गेला. बसमध्ये गाणी चालू होती. खिडकीतून रस्त्याच्या कडेला दुधाचे कॅन घेऊन उभी असलेली माणसं दिसत होती. ती भांडत नव्हती, नुसती आमच्या बसकडे बघत होती. मला वाटलं, दूधच आहे, पोचेल थोडं उशिरा.

पुढे मी त्याच गावात एका गोठेवाल्या कुटुंबाकडे आठवडाभर राहिले, तेव्हा त्या पाऊण तासाचा अर्थ कळला. नुकतं काढलेलं दूध जनावराच्या अंगाइतकं कोमट असतं, साधारण 38 अंश सेल्सिअस. ते लवकरात लवकर 4 अंशांपर्यंत थंड करावं लागतं. कोमट दुधात जिवाणूंना हवं ते सगळं आयतं मिळतं, आणि त्यांतले काही अशा उबेत वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. संकलनाच्या ठिकाणी पोचेपर्यंत दूध आंबलं किंवा तापवताना फाटलं, तर ते परत येतं. परत आलेल्या दुधाचे पैसे मिळत नाहीत. चारा मात्र घालून झालेला असतो, पाणी पाजून झालेलं असतं, शेण उचलून झालेलं असतं. अख्खा दिवस राबून मिळालेलं ते दूध आमच्या बसपुढे रस्त्यावर तापत उभं होतं.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. सहलीचं वेळापत्रक गावाच्या दोन धारांच्या मध्ये बसवा.

अशा गावाचा दिवस धारेवर चालतो. सकाळची धार आणि संध्याकाळची धार, दोन्हींत दहा-बारा तासांचं अंतर. त्यात सणवार नाही, आजारपण नाही, लग्नकार्य नाही. कास भरली की ती मोकळी करावीच लागते, नाहीतर जनावराला ठणका लागतो. सकाळच्या धारेनंतर दूध घालणं, गोठा झाडणं, जनावरं चरायला सोडणं ही कामं असतात. मग दुपारी थोडी उसंत मिळते. दिवस कलला की जनावरं परत फिरतात, आणि धार, दूध घालणं, चारा टाकणं हे चक्र पुन्हा सुरू होतं. आता आपल्या सहली आठवून पहा. भल्या पहाटे निघून उजाडता उजाडता गावात शिरायचं, म्हणजे ऐन सकाळच्या धारेला. संध्याकाळी अंधार पडायच्या आत निघायचं, म्हणजे ऐन दुसऱ्या धारेला, जेव्हा रस्त्यावर कळप असतो आणि दुधाची गाडी असते. गावाला ज्या दोन वेळा श्वास घ्यायला सवड नसते, नेमक्या त्याच दोन वेळा आपण तिथे जाऊन थडकतो.

गोठ्याच्या भिंतीपलीकडून वाजलेल्या हॉर्नने काय बिघडणार, असा प्रश्न एका सहप्रवाशाने मला विचारला होता. त्याचं उत्तर जुनं आहे आणि पक्कं आहे. गोठ्यातली माणसं म्हणतात, गाय पान्हा चोरते. ते शब्दशः खरं आहे. कासेत दूध तयार असलं तरी ते आपोआप खाली येत नाही. सडांना ओळखीचा हात लागला, वासरू ढुसण्या द्यायला लागलं किंवा रोजची बादली वाजली, की मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात येतं. त्याने कासेतल्या बारीक पेशी आवळल्या जातात आणि दूध सडांत उतरतं. हा पान्हा काही मिनिटंच टिकतो. तेवढ्यात जनावर दचकलं तर अंगात अ‍ॅड्रेनलिन चढतं आणि सगळी क्रिया अडते. अमेरिकेतल्या ईली आणि पीटरसन या संशोधकांनी 1941 मध्ये हे दाखवून दिलं. त्यांनी गायींना घाबरवण्यासाठी सुरुवातीला त्यांच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि कागदी पिशव्या फुगवून दर दहा सेकंदांनी फोडल्या. पुढे मांजराची गरज नाही असं त्यांना दिसलं. नुसत्या पिशव्यांचा आवाज पुरेसा होता. गायींनी दूध रोखून धरलं.

कागदी पिशवीच्या आवाजाने जर एवढं होतं, तर बसचा हॉर्न, डोक्यावर घरघरणारा ड्रोन आणि गावाच्या मध्यभागी लावलेला ध्वनिक्षेपक काय करत असतील? गायीला माणसापेक्षा जास्त ऐकू येतं. आपले कान फार तर 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज टिपतात, तिचे 35,000 पर्यंत. आपल्याला शांत वाटणारी जागा तिला तशी असेलच असं नाही. तिची नजरही वेगळी आहे. डोळे दोन्ही बाजूंना असल्यामुळे तिला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त अगदी मागचं दिसत नाही. मागून धावत येऊन पाठीवर थाप मारणारा माणूस तिला एकाएकी उगवल्यासारखा वाटतो. अशा वेळी ती लाथ मारते आणि माणूस तिला मारकी म्हणतो.

आता 'धार काढण्याचा अनुभव' याबद्दल. तुमच्यातले बरेच जण सहलीच्या पत्रकात हे छापतात. कल्पना वाईट आहे असं मी म्हणत नाही. शहरात वाढलेल्या मुलाने दूध कुठून येतं ते पाहिलंच पाहिजे. पण चाळीस जण ओळीने एका गायीच्या सडांना हात लावतात, तेव्हा काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. पहिल्या दोघा-तिघांनंतर पान्हा ओसरतो. बाकीचे कोरडे सड ओढत राहतात. न धुतलेल्या हातांनी एका जनावराकडून दुसऱ्याकडे गेलं की कासदाहाचे जंतूही सोबत जातात. कासदाह झाला की कास सुजते, दुधात गाठी येतात, आणि प्रतिजैविक द्यावं लागलं तर ठरलेल्या मुदतीपर्यंत ते दूध विकता येत नाही. एका फोटोसाठी घरातल्या एका दुभत्या जनावराचं उत्पन्न कित्येक दिवस बंद पडू शकतं. पाहुण्यांना धार दाखवायचीच असेल, तर गोठेवाल्याला आधी विचारा, चार-पाच जणांनाच न्या, त्यांना दाराशी गप्प उभं राहून पाहू द्या आणि त्या कुटुंबाला त्याच्या वेळेचा मोबदला द्या. पहाटेच्या अंधारात बादलीत पडणाऱ्या धारेचा बदलत जाणारा आवाज, रिकाम्या भांड्यावरचा टणत्कार आणि मग फेसात बुडालेला मऊ सूर, हे ऐकलेलं मूल आयुष्यभर विसरत नाही. त्यासाठी सडाला हात लावायची गरज पडत नाही.

वासरांचंही सांगायला हवं, कारण सगळ्यांचे हात सगळ्यात आधी तिकडेच जातात. नुकतं जन्मलेलं वासरू रोगप्रतिकाराच्या दृष्टीने जवळपास उघडं असतं. आईच्या पहिल्या दुधातून, म्हणजे चिकातून, त्याला जे संरक्षण मिळतं ते पहिल्या काही तासांतच नीट मिळतं. चोवीस तासांनंतर आतडी ते शोषून घेत नाहीत. अशा जिवाच्या तोंडात पाहुणे कौतुकाने बोटं घालतात. धोका दोन्ही बाजूंना आहे. हगवण लागलेल्या वासराकडून क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा सूक्ष्म परजीवी लहान मुलांच्या पोटात जातो, आणि हाताला चोळायच्या सॅनिटायझरने तो मरत नाही. साबण आणि वाहतं पाणीच लागतं. बसमध्ये साबण आणि पाण्याचा कॅन ठेवणं तुम्हाला जड नाही.

गायीला लागून वासरू असेल आणि पाहुण्याबरोबर कुत्रा असेल, तर गंमत संपलेली असते. ऑस्ट्रियात टायरोलमधल्या पिनिसटाल खोऱ्यात 2014 मध्ये कुत्र्याला घेऊन चालणाऱ्या एका पर्यटक महिलेला वासरं असलेल्या गायींनी तुडवून मारलं. कुत्र्याचा पट्टा तिच्या कमरेला अडकवलेला होता. 2019 मध्ये न्यायालयाने शेतकऱ्याला मोठी भरपाई द्यायला सांगितलं आणि सगळ्या डोंगराळ मुलखातले पशुपालक हादरले. पुढे अपिलात जबाबदारी दोघांत वाटली गेली, आणि चरणाऱ्या जनावरांमधून जाताना पाहुण्याने स्वतःही काळजी घ्यायची असते, हे सांगण्यासाठी तिथे नियमावली निघाली, कायद्यात बदल झाला. कुत्र्याचा पट्टा हातात असावा, कमरेला नसावा. गाय अंगावर आली तर तो सोडून द्यावा, कारण तिचा राग कुत्र्यावर असतो आणि कुत्रा पळून जाऊ शकतो. गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नये. कळपाला लांबून वळसा घालावा. इतक्या साध्या गोष्टी बस थांबल्यावर दोन मिनिटांत सांगता येतात. माझ्या सहलीत त्या कुणी सांगितल्या नव्हत्या. कुत्र्याची घाण चराऊ रानात पडू देऊ नये हेही त्यातच सांगा. तिच्यातून पसरणाऱ्या निओस्पोरा या परजीवीमुळे गाभण गायी गाभडतात.

मी एवढा वेळ गोठ्याविषयीच बोलते आहे, आणि तुम्ही म्हणाल, लोक तर धबधब्यासाठी येतात. पण या गावांत दोन्ही एकत्र असतात ते उगाच नाही. जिथे उतार तीव्र आणि पाऊस भरपूर, तिथे नांगर चालवला तर माती वाहून जाते. गवत मात्र उत्तम येतं आणि मातीला धरून ठेवतं. माणसाला गवत पचत नाही, जनावराला पचतं. म्हणून तिथला माणूस जनावर पाळतो. आणि त्याच उतारामुळे, त्याच पावसामुळे पाणी कड्यावरून उडी घेतं. स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेन खोऱ्यात हे नकाशा काढल्यासारखं दिसतं. हिमनदीने मुख्य खोरं खोल आणि उभ्या भिंतींचं कोरून काढलं, बाजूचे ओहोळ वर टांगलेले राहिले, आणि आता त्या एका खोऱ्यात 72 धबधबे मोजले जातात. त्यातल्या श्टाउबबाखची धार जवळपास 300 मीटर खाली येते. त्याच पर्वतांत उन्हाळ्यात जनावरं उंचावरच्या कुरणांत नेतात, आणि स्वित्झर्लंडची ती चराईची परंपरा 2023 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. पाहुणा ज्याला निसर्गदृश्य म्हणतो, ते हिरवं उघडं रान पिढ्यान्‌पिढ्या चरणाऱ्या जनावरांनी उघडं ठेवलेलं असतं. गोठे बंद पडले की तिथे झुडपं माजतात.

आणि पाणी तर एकच. भरपूर दूध देणारी गाय दिवसाला 100 लिटरच्या आसपास पाणी पिते. दुधात शेकडा 87 भाग पाणीच असतं. ज्या डोहात तुमचे पाहुणे शाम्पू लावून अंघोळ करतात, त्याच्याच खालच्या अंगाला गावाची जनावरं पाणी पितात. बस भरून माणसं आणलीत आणि शौचालयाची सोय पाहिली नाहीत, तर ती माणसं कुठे जातात? ओढ्याकाठी जातात. मग ते पाणी कुठे जातं, ते मी लिहायला नको. याची उलट बाजूही पाहुण्यांना सांगा. वर चराई असेल तर धबधब्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी ते पिण्याजोगं नसतं. जनावरांच्या मुतातून लेप्टोस्पायरासारखे जिवाणू त्यात उतरतात आणि पायावरच्या साध्या जखमेतूनही अंगात शिरतात.

पाण्याच्या ताकदीविषयी आयोजकांनीच गाफील राहावं, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. वेगाने वाहणारं 15 सेंटीमीटर पाणी, म्हणजे घोट्याच्या जरा वरपर्यंतचं, धडधाकट माणसाचे पाय उचलतं. 30 सेंटीमीटर पाणी छोटी मोटार ढकलून नेतं. धबधब्याच्या पायथ्याशी तर पाण्यात हवा मिसळून फेस झालेला असतो. तो पाण्याहून हलका, त्यामुळे त्यात माणूस नेहमीसारखा तरंगत नाही. पट्टीचा पोहणाराही तिथे खाली जातो, आणि कोसळणारं पाणी त्याला पुन्हा पुन्हा कड्याकडे ओढतं. तुमच्या डोक्यावर लख्ख ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस झालेला असू शकतो. लोंढा येण्याआधी पाणी गढूळ होतं, काटक्या-पाला वाहून यायला लागतो, आवाज घोगरा आणि जड होतो. गावातल्या गुराख्याला हे लांबूनही ओळखता येतं. एका संध्याकाळी आमच्या यजमानांनी हातातलं काम टाकून नुसता कान दिला आणि मुलाला म्हणाले, "वरची गुरं खाली घे, ओढा बोलायला लागलाय." अर्ध्या तासात पायवाट पाण्याखाली होती. इतकं जाणणारी माणसं गावात असताना आपण त्यांना विचारत नाही आणि मोबाइलवरचा हवेचा अंदाज पाहून चाळीस जणांना डोहात उतरवतो.

कचऱ्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण 'कचरा टाकू नका' ही पाटी सगळ्यांनी वाचलेली असते. पाटीवर एक गोष्ट नसते. गाय आधी गिळते आणि नंतर निवांत रवंथ करते, म्हणून गवताबरोबर काय आत गेलं ते तिला कळत नाही. प्लास्टिकची पिशवी पोटाच्या पहिल्या कप्प्यात वर्षानुवर्षं साचते. तार किंवा खिळा दुसऱ्या कप्प्यात अडकतो, आणि तो कप्पा हृदयाच्या इतका जवळ असतो की टोचत टोचत तार तिथवर पोचते. काही पशुपालक गायीला मुद्दाम चुंबक गिळायला देतात, म्हणजे लोखंड त्याला चिकटून राहतं. अ‍ॅल्युमिनियमचा डबा चुंबकाला चिकटत नाही. कुरणात फेकलेला तो डबा गवत कापायच्या यंत्रात सापडतो, त्याच्या धारदार चिंध्या होतात आणि वैरणीत मिसळतात. ज्याने तो फेकला त्याला हे कधीच कळत नाही.

गाव आणि पाहुणे एकमेकांत किती गुंतलेले असतात, हे ब्रिटनने 2001 मध्ये पाहिलं. लाळ्या खुरकूत रोगाची साथ आली. ती पसरली मुख्यतः जनावरांच्या बाजारातून आणि वाहतुकीतून, पण बुटांना आणि चाकांना लागलेल्या चिखलातूनही विषाणू जातो, म्हणून खेड्यापाड्यांतल्या पायवाटा बंद केल्या गेल्या. 60 लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. गोठे रिकामे झाले आणि पाहुण्यांवर जगणारी घरंही बसली. तेव्हा एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जाताना बूट धुणं ही जनावराच्या जिवाची काळजी आहे, तुमच्या धंद्याचीही आहे. बसच्या दाराशी जंतुनाशकात भिजवलेलं पायपुसणं ठेवलंत तर एवढं काम होतं.

सहली बंद करा असं मी म्हणणार नाही. ज्या कुटुंबाकडे मी राहिले, त्यांना पाहुणे हवे आहेत. दुधाचा भाव पडतो त्या महिन्यात पाहुण्याकडून आलेल्या पैशांवर त्यांची वैरण येते. त्यांना नको आहे ती घाईतली गर्दी, जी तीन तास येते, काही विकत घेत नाही आणि धारेच्या वेळी रस्ता अडवून जाते. एक बस कमी आणा, एक मुक्काम जास्त ठेवा. गाड्या गावाबाहेर रुंद जागी थांबवा आणि शेवटचा टप्पा चालत न्या. चालणाऱ्या माणसाला कळप वाट देतो आणि दुधाची गाडीही मोकळी जाते. कळप समोरून आला तर बाजूला उभं राहा, हॉर्न वाजवू नका. वाटेतलं फाटक जसं सापडलं तसंच ठेवा, उघडं असेल तर उघडं, लावलेलं असेल तर लावून.

ग्रामपंचायतीने पाट्या लावाव्यात, नियम करावेत, हे मला मान्य आहे, आणि ते पत्र मी वेगळं लिहीन. पण वेळापत्रक तुमच्या हातात आहे. ते बदलायला कुणाची परवानगी लागत नाही.

पुढच्या सहलीची जाहिरात लिहायला बसाल, तेव्हा त्या गावातल्या एका तरी गोठेवाल्याला आधी फोन करा. सकाळची धार किती वाजता आटोपते, गुरं किती वाजता परत येतात आणि दुधाची गाडी कधी निघते, एवढं विचारा. मग कागदावर पोचण्याची आणि निघण्याची वेळ लिहा.

आपली,
त्या बसमध्ये बसलेली एक प्रवासी